एक फॅरड आणि अठरा मिलिसेकंद

पुतण्याने गाडीत नवा वूफर, म्हणजे खोल आवाजांचा स्पीकर, बसवला आणि दुसऱ्याच रात्री फोन केला. "काका, ढोल वाजला की हेडलाइट मंद होतात." दुकानदाराने त्याला उपायही सांगून ठेवला होता: एक फॅरडचा कॅपॅसिटर टाक, लाइटही सुधारेल आणि आवाजही वाढेल. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं. कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा डबा, काम करतो, पण किती वेळ करतो हे कुणी सांगत नाही.

इंजिन चालू असताना गाडीला वीज पुरवतो तो अल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक अजूनही डायनामो म्हणतात. त्याचं व्होल्टेज साधारण १४.४. बॅटरी त्या वेळी देत नसते, घेत असते. ठोका पडला की वूफरला जोर पुरवणारा मोठा ॲम्प्लिफायर एकदम १०० अँपिअरच्या घरात करंट मागतो. लहान गाडीच्या अल्टरनेटरला हे झेपत नाही, सिग्नलला उभ्या गाडीत तर नाहीच. मग व्होल्टेज घसरतं ते बॅटरीच्या पातळीपर्यंत, म्हणजे १२.६ च्या आसपास, आणि तिथून पुढे बॅटरी हात देते. हा फरक आठव्या भागाचा. पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. त्यामुळे व्होल्टेज आठव्या भागाने घटलं की उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो.

आता कॅपॅसिटर, म्हणजे पुस्तकातलं विद्युत धारित्र. दर व्होल्टला तो किती विद्युतभार साठवतो ती त्याची धारिता, आणि ती मोजतात फॅरडमध्ये. अख्खी पृथ्वी एक सुटा धातूचा गोळा मानली, तर तिची धारिता सुमारे ७१० मायक्रोफॅरड, म्हणजे फॅरडचे ७१० दशलक्षांश, भरते. डिकीत मावणारा तो नळकांड्यासारखा डबा पृथ्वीच्या चौदाशे पट! मला आजही याचं नवल वाटतं. धारिता वाढवायची तर समोरासमोरच्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ वाढवायचं आणि त्यांच्यातलं अंतर कमी करायचं. डब्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळलेला असतो. रसायनांनी कोरून त्याला इतकी सूक्ष्म भोकं पाडलेली असतात की त्याचं क्षेत्रफळ कितीतरी पट होतं. मग विजेच्या साहाय्याने त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवतात, दर व्होल्टला जेमतेम सव्वा नॅनोमीटर. हा थर म्हणजेच 'अंतर'. दुसरी बाजू असते द्रवाची, जो प्रत्येक भोकात शिरतो. मात्र हा थर एकाच दिशेने वीज अडवतो. प्लस-मायनस उलटं जोडलं तर थर मोडतो, आत वायू तयार होतो आणि डबा फुटू शकतो.

आता हिशेब. १४.४ वरून १२.६ वर येताना एक फॅरडचा कॅपॅसिटर किती विद्युतभार देईल? १ गुणिले १.८, म्हणजे १.८ कुलोंब. १०० अँपिअर म्हणजे सेकंदाला १०० कुलोंब. म्हणजे तो पुरला १८ मिलिसेकंद. निम्मा भार अल्टरनेटरने उचलला तर ३६. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, सुराचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं आणि ढोलाची घुमक त्याच्या कितीतरी पट टिकते. शेजारी ४५ अँपिअर-तासांची बॅटरी बसलेली असते. तिच्यात १,६२,००० कुलोंब.

मग तो लावावाच कशाला? ५० हर्ट्झच्या सुरात वर आणि खाली अशी दोन शिखरं असतात, म्हणून ॲम्प्लिफायर करंट मागतो सेकंदाला १०० वेळा, आणि दोन मागण्यांच्या मध्ये जवळपास काहीच मागत नाही. कॅपॅसिटर शिखराला देतो, दरीत परत भरून घेतो. बॅटरीकडून येणाऱ्या लांब वायरला मग हिसके बसत नाहीत, करंट सपाट होतो. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गावर ठरते. शून्य ते १०० असा हेलकावणारा करंट सरासरीला, म्हणजे ५० वर, पूर्ण सपाट केला तर तेवढ्याच विजेसाठी वायरमधला अपव्यय एक तृतीयांशाने कमी होतो. दुकानाच्या गल्ल्यासारखं आहे हे. सुट्ट्या पैशांसाठी दर वेळी बँकेत जावं लागत नाही, पण गल्ला मोठा घेतला म्हणून विक्री वाढत नाही.

पुतण्याच्या गाडीतलं खरं दुखणं वायरमध्ये होतं. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर, आणि घातली होती चार चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या अशा वायरचा रोध होतो सुमारे २१ मिलिओहम. १०० अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच जातात आणि दोनशेहून अधिक वॉट नुसती उष्णता होते. २५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जातो व्होल्टचा तिसरा भाग. वायर घेताना टोक खरवडून बघा. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असेल, तर रोध दीडपटीहून जास्त.

खोक्यावरच्या '५००० वॉट'बद्दलही बोलायला हवं. ॲम्प्लिफायरवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर तो सलगपणे १४.४ गुणिले ६०, म्हणजे ८६४ वॉटच्या वर घेऊच शकत नाही. घेतो त्याहून जास्त देणार कुठून? आणि नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधून शॉर्टसर्किट टळत नाही. बॅटरीपासून दोन वितींच्या आत प्लसच्या वायरीवर बसवलेला फ्यूज असेल, तर शॉर्ट झाला तरी आग टळते. तो फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो.

जोडणी साधी आहे. आधी बॅटरीची मायनस काढा. कॅपॅसिटर ॲम्प्लिफायरच्या अगदी जवळ, प्लसला प्लस. मायनससाठी बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा आणि कॅपॅसिटर आणि ॲम्प्लिफायर दोघांच्याही मायनस तिथेच घट्ट आवळा. रिकामा कॅपॅसिटर म्हणजे पहिल्या क्षणी चक्क शॉर्ट, म्हणून थेट जोडलात तर ठिणगी उडते. बॅटरीजवळचा फ्यूज काढून ठेवा, बॅटरीची मायनस परत लावा आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब धरा. तो पेटतो आणि हळूहळू विझतो. विझला की कॅपॅसिटर भरला. डब्यात जितकी ऊर्जा साठली, जवळपास तितकीच बल्बमध्ये जळाली. बल्ब लहान घ्या की मोठा, हे प्रमाण बदलत नाही.

आम्ही जाड वायर ओढली आणि अर्थ, म्हणजे मायनसची बॉडीवरची जोडणी, घासून पक्का केला. ५० हर्ट्झचा सलग सूर लावून मोजलं, तर ॲम्प्लिफायरवरचं व्होल्टेज बॅटरीच्या जवळ आलं होतं. हेडलाइट अजून थोडे लवतात, कारण अल्टरनेटर तोच आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून पुतण्याने एव्हाना बसवलेला कॅपॅसिटर आम्ही काढून टाकला. बॅटरीच्या दोन्ही वायरी सुटलेल्या असताना मी तोच बल्ब त्याच्या टोकांना लावला, आणि तो लख्ख पेटला. पुतण्या एक पाऊल मागे सरला. विझेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे होतो.