गामाच्या पाच हजार बैठका आणि बडोद्याचा दगड

गामा पैलवानाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तो रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर मारायचा, ही एक. १९०२ साली बडोद्यात त्याने १२०० किलोचा दगड उचलला, ही दुसरी. पहिली ऐकून लोक गालातल्या गालात हसतात. दुसरी मात्र खरी मानतात, कारण तो दगड सयाजीबागेतल्या संग्रहालयात समोर ठेवलेला आहे आणि त्यावर तसे कोरलेलेही आहे. कागद-पेन घेऊन बसले की निकाल बरोबर उलटा लागतो.

आधी बैठका. तालमीतली बैठक म्हणजे जिममधला स्क्वॉट नव्हे. खाली जाताना टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो आणि हात मागे जातात. तळाला न थांबता हात पुढे झोकतात आणि त्या झोक्यासरशी अंग वर येते. खाली जाताना ताणलेला स्नायू आणि टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी थोडी ऊर्जा परत देतात. तळाला क्षणभर रेंगाळलात तर ती उष्णता होऊन वाया जाते, म्हणून सावकाश मारलेल्या बैठका लयीतल्या बैठकांपेक्षा जड जातात.

१९१० साली लंडनमध्ये गामाचे वजन ९० किलोच्या आसपास होते. पोटऱ्या-पावले फारशी हलत नाहीत, म्हणून ७७ किलो अंग अर्धा मीटर वर जाते असे धरू. एका बैठकीला सुमारे ३७५ ज्यूल काम झाले. पाच हजारांचे १९ लाख ज्यूल. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २०-२५ टक्के कामात बदलतात, बाकीची घामावाटे जाते. म्हणजे खर्च साधारण दोन हजार किलोकॅलरी. जोर मारताना हातांवर वजनाचा दोन तृतीयांश भाग येतो. त्याच रीतीने तीन हजार जोरांचे सातशेच्या आत-बाहेर निघतात. खाली जातानाचा खर्च धरला तरी एकूण तीन हजारांच्या थोडे वर. वेळ बघा: बैठकीला दोन सेकंद धरले तर पावणेतीन तास, जोराला तीन सेकंद धरले तर अडीच तास. दिवसभराचा तोच धंदा असलेल्या, दरबाराने पोसलेल्या माणसाला सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वापाच तास मेहनत अशक्य नाही. रोजच्या रोज अगदी पाच हजार व्हायच्याच, असे नसेल. पण आकडा शरीराच्या आवाक्यातला आहे.

त्याचा दहावा हिस्साही नवख्याला दवाखान्यात पोचवू शकतो. पैजेवर किंवा शिक्षा म्हणून एकदम चार-पाचशे बैठका मारणाऱ्याच्या मांड्यांतले स्नायुतंतू फाटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते. ते मूत्रपिंडात अडकते. एक-दोन दिवसांत मांड्या दगडासारख्या होतात, जिना उतरवत नाही आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. हा रंग दिसला की तेल चोळत बसायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे. शिरेतून भरपूर सलाइन वेळेत मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येऊ शकते. मग पैलवानाला हे का होत नाही? एकदा बेताने ताणलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच ताणाने कमी फाटतो. त्या मुदतीत पुन्हा थोडा वाढवून ताण दिला की संरक्षण टिकते आणि वाढते. वस्ताद नव्या पोराला पंचवीसपासून सुरुवात करून आठवड्याला थोडे-थोडे वाढवतो, त्यामागे हेच आहे. महिनाभर तालीम सुटली तर जुन्या आकड्यावर उडी घ्यायची नसते. गामाची मेहनत लहानपणीच सुरू झालेली होती.

खुराकाची दंतकथा मात्र याच हिशेबात अडकते. आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. दहा लिटर दूध, अर्धा लिटर तूप आणि किलोभर बदाम एवढेच घेऊ, कोंबड्या सोडून देऊ. म्हशीच्या दुधात लिटरमागे हजारच्या आसपास किलोकॅलरी असतात, म्हणजे दुधाच्याच दहा हजार झाल्या. तुपाच्या चार हजार, बदामाच्या पावणेसहा हजार. बेरीज वीस हजारांच्या घरात जाते. खर्च किती? मेहनतीचे तीन हजार, जगण्याचे अडीच हजार, वर लढतीचा सराव, म्हणजे सहा-साडेसहा हजार. उरलेले तेरा-चौदा हजार रोज पचले असते तर रोज पावणेदोन किलो चरबी चढली असती आणि महिन्याभरात गामाला लंगोटही पुरला नसता. पाच हजार बैठका मारणारा गामा आणि तो खुराक पचवणारा गामा एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. तो खुराक कदाचित पूर्ण दरबारी तालमीचा शिधा असावा, हा आपला अंदाज.

आता दगड. त्याची उंची अडीच फूट सांगतात. अडीच फुटांचा घन धरला तर घनफळ ०.४४ घनमीटर होते. ग्रॅनाइटचा घनमीटर सुमारे २७०० किलोचा, म्हणजे वजन ११९० किलोच्या जवळ. दगडाचे वजन कुणी फुगवलेले दिसत नाही. घोळ क्रियापदात आहे.

पाऊण मीटर रुंदीच्या, कडी नसलेल्या दगडाला दोन्ही बाजूंनी कवटाळून उचलायचे तर तो केवळ घर्षणावर तोलायचा. घर्षणांक ०.६ हा चांगलाच उदार धरला तरी प्रत्येक हाताने जवळपास एक हजार किलोचा दाब द्यावा लागेल. बोटे खाली सरकवली तर प्रत्येक हातावर ६०० किलो येतील. पाठीचे गणित तर विचारूच नका. दगडाचा मध्य मणक्यापासून निदान अर्धा मीटर पुढे राहतो, आणि कण्याला सरळ धरणारे स्नायू मणक्याच्या मागे पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. म्हणजे त्यांना दगडाच्या आठ-दहा पट, दहा टनांच्या आसपास ओढ लावावी लागेल. मणका त्याआधीच चिरडेल. तुलनेला, २०१६ मध्ये एडी हॉल या ब्रिटिश ताकदवानाने ५०० किलोची डेडलिफ्ट मारली, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभा राहिला, तेव्हा बार हातात नीट बसणारा होता, मनगटाला पट्टे होते, तरी नाकातून रक्त आले आणि तो कोसळला. गोल दगड उचलण्यात टॉम स्टोल्टमनने २०२० मध्ये २८६ किलो गाठले.

मग गामाने केले तरी काय असेल? घनाची एक कड जमिनीवर ठेवून दुसरी उचलायला निम्मा भार लागतो, ६०० किलो. तेही फार झाले. पण बूड थोडे गोलसर असेल तर दगड डोलवता येतो, आणि दोन मीटरची पहार खाली घालून टेकू दहा सेंटिमीटरवर दिला तर मूठभर जोरातही कड उठते. त्या काळच्या बघ्यांसाठी ‘हलवला’ आणि ‘उचलला’ यांत फारसा फरक नव्हता. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत गामाचे म्हणून जे गळ्यात घालून बैठका मारायचे कडे ठेवले आहे, ते ९५ किलोचे आहे. त्यावर विश्वास बसतो. पाहायला लोक दगडाकडे जातात ही गोष्ट वेगळी.

त्याच्या खऱ्या ताकदीचा पुरावा एका कंटाळवाण्या लढतीत आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या स्टेडियममध्ये पोलंडचा स्टॅनिस्लाउस झ्बिश्को, वजन सुमारे ११५ किलो, गामासमोर आला. गामाने त्याला लगेच खाली घेतला. त्यानंतर झ्बिश्को जवळजवळ पूर्ण वेळ पट, म्हणजे पालथा, पडून राहिला, आणि दोन तास पस्तीस मिनिटांनी कुस्ती बरोबरीत सुटली. एवढ्या मोठ्या पैलवानाला गामा चीत का करू शकला नाही? उत्तर पुन्हा त्या दगडाच्या कडेत आहे. ११५ किलोचे निपचित अंग उलटवायला लांबचा खांदा सुमारे ५७ किलो जोराने उचलावा लागतो. त्याने हात खांद्यापासून ४० सेंटिमीटर बाहेर पसरून टेकवला की उलटण्याचा टेकू तिथे सरकतो आणि तोच आकडा ८० च्या पुढे जातो. शिवाय तो जिवंत आहे. तुम्ही उजवीकडून ओढले की तो डावा पाय पसरतो. खालच्याची ऊर्जा थोडी जाते, वरच्याची भरमसाट. अडीच तास खाली गुदमरत टिकणे हीसुद्धा चिवटपणाचीच गोष्ट, प्रेक्षक वैतागले तरी. आणि वैतागले म्हणूनच ती लढत खरी वाटते, कारण तिकीट विकणारा कुणीही असली कुस्ती ठरवून लावणार नाही. १७ सप्टेंबरला निकाली लावायचे ठरले, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही.

१९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले आणि गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. झ्बिश्को म्हातारा झाला होता ही सबब चालत नाही, दोघेही पन्नाशीला टेकलेले होते. फरक मातीचा आणि नियमाचा. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की संपले. उभ्याने पहिल्याच डावात सापडलेल्याला पट पडून राहायला वेळच मिळत नाही.

मधल्या काळात हाच झ्बिश्को अमेरिकेत गेला. तिथली व्यावसायिक कुस्ती तोवर पक्की नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, झाली होती. किताब वेन मन्न नावाच्या साडेसहा फुटी फुटबॉल खेळाडूकडे दिलेला होता. तो दिसायला दांडगा होता, पण कुस्ती कच्ची. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात झ्बिश्कोने त्याच्याकडून हरायचे ठरले होते. सेहेचाळीस वर्षांच्या झ्बिश्कोने ठरलेले मोडले आणि त्याला खरोखर खाली घेऊन वारंवार चीत केले. हजारो लोकांसमोर खांदे टेकलेले दिसत असताना पंचांना निकाल देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वजन, उंची, ताकद मन्नकडे होतीच. पाठ टेकू लागली की पाय कुठे पसरायचा एवढे ठाऊक नव्हते. झ्बिश्कोला हे करायला विरोधी गोटातल्या प्रवर्तकांनी फितवले होते. ३० मे रोजी सेंट लुईसमध्ये त्याने तो किताब त्यांच्या गोटातल्या जो स्टेकर या पैलवानाकडे सोपवला. ती कुस्ती मात्र आधी ठरलेली होती.