साडेआठ म्हणजे ०.३५४: स्प्रेडशीटमधल्या वेळेची पार्श्वभूमी

वेर्ण्याच्या कारखान्यातला हजेरीपट असो की कळंगुटच्या हॉटेलातला ड्यूटी चार्ट, मराठीत वेळ लिहिताना आपण टिंब देतो: सकाळी ८.३०, संध्याकाळी ५.४५. कागदावर त्याने काही अडत नाही. एक्सेलला मात्र ते टिंब दशांशचिन्ह वाटतं. ८.३० टाकलं की सेलमध्ये ८.३ हा साधा आकडा बसतो, आणि त्या सेलला आधीच वेळेचा फॉरमॅट दिलेला असेल तर समोर चक्क ७:१२ उमटतं.

स्प्रेडशीटजवळ वेळ नावाची वेगळी वस्तूच नाही. आहे तो दिवसांचा आकडा. पूर्णांक म्हणजे कितवा दिवस, आणि दशांशानंतरचा भाग म्हणजे त्या दिवसाचा किती हिस्सा उलटला. दुपारचे बारा म्हणजे ०.५, एक तास १/२४, एक मिनिट १/१४४०, एक सेकंद १/८६४००. साडेआठ म्हणजे ५१० मिनिटं भागिले १४४०, म्हणजे सुमारे ०.३५४. याउलट ८.३ म्हणजे आठवा दिवस आणि वर ०.३ दिवस. ०.३ ला २४ ने गुणलं की ७.२ तास येतात, म्हणजेच ७ तास १२ मिनिटं.

पंचांगाचं गणित करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. ठरावीक आरंभापासून मोजलेल्या दिवसांचा आकडा, म्हणजे अहर्गण, हाच त्या गणिताचा पाया; दिवसाचे तुकडे तिथे ६० घटिकांनी होतात, इतकाच फरक. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमाराच्या ‘ग्रहलाघवा’त अकरा वर्षांचं चक्र धरलं, ते हा आकडा आटोक्यात राहावा म्हणूनच. आरंभ कुठे धरायचा, हा प्रश्न स्प्रेडशीटवाल्यांनाही सुटला नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

१९७९ साली आलेल्या व्हिसिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीटमध्ये आधी तारखांचं गणित नव्हतं. महिन्यांची नावं मथळ्यासारखी टाइप करायची आणि खाली आकडे भरायचे. १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट बाजारात आलं. त्यात १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ धरला होता. पण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग गेला, तरच फेब्रुवारीला २९ वा दिवस मिळतो. लोटसमध्ये मात्र ‘चारने भाग गेला की लीप’ एवढाच सोपा नियम होता, त्यामुळे कधीच न उगवलेल्या २९ फेब्रुवारी १९०० ला क्रमांक ६० मिळाला. मेमरी किलोबाइटांत मोजली जायची त्या काळात नियम सोपा ठेवणं सोयीचं होतं, आणि १ मार्च १९०० नंतरच्या दोन तारखांमधलं अंतर त्याने चुकतही नव्हतं.

एक्सेल १९८५ साली आलं ते मॅकिन्टॉशवर. त्यात मोजणीचा आरंभ १ जानेवारी १९०४ ला धरला होता. १९०० चा खड्डा आपोआप टळला आणि चारचा सोपा नियम थेट २१०० पर्यंत पुरला. मग १९८७ मध्ये एक्सेल विंडोजवर आलं (गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला ते हेच वर्ष). ग्राहक लोटसकडून खेचायचे, तर लोटसच्या फायली जशाच्या तशा उघडायला हव्यात. म्हणून विंडोजच्या एक्सेलमध्ये १९०० ची पद्धत त्या खोट्या दिवसासकट घेतली गेली. ती आजही तशीच आहे. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरतात, म्हणजे १ मार्च १९०० पासून पुढचे आकडे एक्सेलशी बरोबर जुळतात. १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तिदिन, या तिन्हींत २२६३४ च आहे. १९०४ च्या पद्धतीत मात्र तो २११७२ होतो. फरक १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस.

हा जुना इतिहास आज अंगावर येतो तो रात्रपाळीत. येण्याची वेळ २२:००, जाण्याची ६:००. वजाबाकी केली की उत्तर उणे येतं, आणि १९०० च्या पद्धतीत उणे वेळ दाखवता येत नाही. सेलभर ##### दिसतात. कॉलम कितीही रुंद करा, ते हटत नाहीत. मग कोणीतरी सांगतं की ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली १९०४ ची खूण करा. ती केली की ##### जातात खरे, पण समोर येतं -१६:००, जे पगाराला निरुपयोगी, आणि त्याच फाइलमधली प्रत्येक तारीख पुढे सरकते. जुन्या गोव्यातल्या फेस्ताची ३ डिसेंबर २०२४ ही तारीख ४ डिसेंबर २०२८ दिसू लागते. हा उपाय करू नये. येण्याची वेळ ए२ मध्ये आणि जाण्याची बी२ मध्ये असेल तर =मॉड(बी२-ए२,१) हे सूत्र (एक्सेलमध्ये इंग्रजी अक्षरांत; मॉड म्हणजे भागाकाराची बाकी) सरळ ८ तास देतं, दिवसपाळीलाही तेच चालतं.

बेरजेचं दुखणं वेगळं. रोज साडेआठ तास, सहा दिवस, एकूण ५१ तास. साध्या एच:एमएम फॉरमॅटमध्ये तिथे ३:०० दिसतं, कारण दोन पूर्ण दिवस पूर्णांकात जातात आणि हा फॉरमॅट पूर्णांक दाखवत नाही. आकडा आत शाबूत असतो. एचभोवती चौकोनी कंस घालून [एच]:एमएम केलं की ५१:०० दिसतं. तासाला १०० रुपये दराने साडेआठ तासांचे ८५० यायला हवेत, पण थेट गुणलं तर ३५.४२ येतात. आधी २४ ने गुणायला हवं.

भरतानाच काळजी घेतली तर निम्मा त्रास वाचतो. कीबोर्डच्या नंबर पॅडवर कोलन नाही, म्हणूनच लोक टिंबाकडे वळतात. ऑटोकरेक्टमध्ये दोन टिंबांच्या जागी कोलन घाला, मग ८..३० टाइप केलं की ८:३० होतं. हा बदल वर्डमध्येही लागू होतो, हे लक्षात ठेवा. ८:३० आणि पीएमच्या मध्ये जागा सोडली नाही तर एक्सेल ते मजकूर समजतं. मजकूर सेलच्या डावीकडे चिकटतो आणि खरी वेळ उजवीकडे, तेव्हा अलाइनमेंटला हात लावण्याआधी कॉलमवरून एकदा नजर फिरवावी. पोर्तुगीज वळणाने ८ आणि ३० च्या मध्ये एच लिहिलं तर तोही मजकूरच.

टिंबांनी भरलेला जुना हजेरीपट हाती आला असेल तर नव्या कॉलममध्ये =टाइम(इंट(ए२),राउंड(मॉड(ए२,१)*१००,०),०) वापरा. यातला राउंड गाळू नका. ९.२९ सारखा दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही, आणि २९ च्या जागी २८.९९९… आलं तर टाइम फंक्शन अपूर्णांक कापून २८ धरतं.

त्याच कारणाने वेळांची तुलना फसते. पणजी-मडगाव शटलचा तक्ता करताना ६:०० ला दर ओळीत पंधरा मिनिटं मिळवत खाली गेलात, तर डोळ्यांना १४:१५ दिसणारी वेळ आणि हाताने टाइप केलेली १४:१५ यांत शेवटच्या दशांशाचा फरक पडू शकतो, आणि तक्त्यात नोंद शोधून देणाऱ्या व्हीलुकअप फंक्शनला ती सापडत नाही. वेळ १४४० ने गुणून, राउंड करून, पुन्हा १४४० ने भागली की दोन्ही बाजू मिनिटावर येतात. हे तक्त्यातल्या वेळेलाही करावं आणि शोधायच्या वेळेलाही.