जुनी पुस्तके, उन्हाळी यादी आणि १९६२ ची टिंबे

परीक्षा संपून मे महिना तोंडावर आला की कोल्हापुरातले हौशी वाचक जुन्या पुस्तकांच्या याद्या करू लागतात. जुनी म्हणजे साधारण १९६० च्या आधी लिहिलेली, असा ढोबळ हिशेब. यादीत पुस्तकाचे नाव असते, लेखक असतो, कुणी सुचवले तेही कधी कधी लिहिलेले असते. आवृत्ती मात्र क्वचितच असते, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आरंभीचा इतिहास उरकता येईल. बंगालातल्या श्रीरामपुरात १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले गेले. मराठीतली पहिली कादंबरी १८५७ ची. कोल्हापुरात १८५० सालीच वाचनालय सुरू झाले होते, म्हणजे कादंबरी यायच्या सात वर्षे आधी ती ठेवायला फडताळ तयार होते. १९४५ साली संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही केला. देशातल्या ग्रंथालय कायद्यांची गोष्ट सांगताना १९४८ च्या मद्रासच्या कायद्यापासून सुरुवात करायची पद्धत आहे. ‘स्वतंत्र भारतातला पहिला’ एवढे विशेषण लावले की कोल्हापूर आपोआप बाहेर पडते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६७ साली महाराष्ट्राचा कायदा आला, आणि आमच्या कायद्याची आठवण ग्रंथपालनाच्या विद्यार्थ्यांपुरती उरली.

यादीवर सर्वांत जास्त परिणाम मात्र शुद्धलेखनाच्या नियमांनी केला. चार साहित्यसंस्थांच्या महामंडळाने १९६२ साली १४ नियम ठरवले आणि राज्य सरकारने ते उचलून धरले. १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले, एकूण १८ झाले. त्यातला सर्वांत गाजलेला निर्णय न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना रजा देण्याचा. १९३५ च्या आसपासच्या कादंबरीचे कुठलेही पान उघडावे, या धाटणीचे वाक्य हमखास सापडते: ‘तें ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलें, पण ती कांहींच बोलली नाहीं.’ नव्या नियमाने यातली पाच टिंबे गेली. ‘डोळ्यांत’वरचे राहिले, कारण डोळे दोन आहेत.

बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. तोंडाने जे म्हणत नाही ते हाताने लिहायचे कशाला? शाळकरी पोरांचे मार्क जायचे, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या मागेही हा व्याप होताच. विरोधकांचे म्हणणे जरा लांबलचक होते, पण पोकळ नव्हते. ‘पांच’वरचे टिंब ‘पंच’ची आणि ‘कांटा’वरचे ‘कंटक’ची खूण होती. शिवाय टिंब लिंग-वचनही सांगे. ‘तें आलें’ म्हटले तर पत्र आले, ‘ते आले’ म्हटले तर पाहुणे आले. आता दोन्ही एकच, आजूबाजूची वाक्ये वाचून ठरवा. ऱ्हस्व-दीर्घाचाही प्रश्न होता. पूर्वीचा ‘कवि’ नव्या नियमाने ‘कवी’ झाला. गद्यात त्याने काही बिघडत नाही, वृत्तात मात्र एक मात्रा वाढते.

दोन्ही बाजूंना तोलून पाहिले तर नियम सोयीचे ठरले यात शंका नाही. हा मजकूरही त्याच नियमांनी लिहिला आहे. अडचण झाली ती मागे छापून गेलेल्या पुस्तकांची. त्यांच्यासाठी नियमांत एक वेगळे कलम आहे आणि यादी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य, यांतले उतारे मुळाप्रमाणे छापावेत. त्यानंतरचे लेखन, खुद्द या दोघांचेही, नव्या नियमांनी छापावे, असा त्याचा आशय. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. म्हणजे १८७१ ची कादंबरी जशीच्या तशी ठेवायची आणि तीनच वर्षांनंतरचा निबंध सुधारून घ्यायचा. रेषा कुठे तरी मारावी लागतेच, हे मान्य. पण ही रेषा वाङ्मयाच्या इतिहासातला कालखंड पाहून मारली आहे, लिहिण्याची पद्धत त्या साली बदलली म्हणून नव्हे. टिंबे १८७४ नंतरही ८८ वर्षे दिली जात होती. आणि कलमात शब्द ‘उतारे’ आहे, पाठ्यपुस्तकाला शोभेल असा. प्रकाशकांनी मात्र सबंध पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या त्याच मापाने बेतल्या.

परिणाम असा की आज दुकानात मिळणारी १९३० सालची कादंबरी बहुधा १९३० सालच्या लेखनात नसते. काही आवृत्त्यांत ‘नव्या लेखननियमांनुसार’ अशी ओळ असते, पुष्कळांत तीही नाही. दहावीतल्या पोराला वाचायला देताना हे बरेच पडते, कारण ‘कां’ आणि ‘कांहीं’पाशी तो अडखळतो. पण ज्याला त्या काळाची भाषा कशी दिसत होती ते पाहायचे आहे, त्याने पहिली किंवा निदान १९६२ पूर्वीची आवृत्ती शोधावी. शोधतानाही टिंब आडवे येते. जुन्या नोंदवहीत पुस्तकाचे नाव छापल्याबरहुकूम उतरवलेले असते. संगणकावर ‘नाव’ टाकले तर ‘नांव’ सापडत नाही. आतल्या पानावर साल शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे. शके १८५५ म्हणजे इसवी सन १९३३-३४.

कागदाचीही एक भानगड आहे. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले आणि १९४० नंतरच्या काही वर्षांतली पुस्तके मिळेल त्या कागदावर निघाली. त्याआधीच्या दहा वर्षांतली प्रत पुष्कळदा धडधाकट असते आणि १९४४ ची पाने कोपऱ्याला हात लावताच तुटतात. म्हणून अशा प्रती संदर्भ विभागात जातात, तिथेच बसून वाचाव्या लागतात. घरी न्यायच्या आणि बसून वाचायच्या पुस्तकांच्या दोन वेगळ्या याद्या केलेल्या बऱ्या. बसून वाचायची आधी उरकावीत, वळवाचे पाऊस सुरू झाले की भर दुपारी पायपीट नकोशी होते.

स्कॅन केलेल्या प्रतींचा मार्ग २००० नंतर खुला झाला. केंद्र सरकारच्या एका प्रकल्पात लाखो जुनी पुस्तके स्कॅन झाली, त्यात मराठीही भरपूर. काही पाने वाकडी आहेत, कुठे स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही आला आहे, पण टिंबे जागच्या जागी आहेत. कोणते पुस्तक उजळ माथ्याने उतरवून घेता येते हे स्वामित्वहक्काच्या मुदतीवर ठरते. १९५७ च्या कायद्यात ती लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. १९४१ साली गेलेल्या बंगाली नोबेलविजेत्या कवीची मुदत संपायच्या बेतात असताना डिसेंबर १९९१ मध्ये वटहुकूम निघाला आणि ती ६० झाली. बंगालसाठी घेतलेल्या निर्णयाने मराठी पुस्तकेही दहा वर्षे अडकली. अनुवादात मूळ लेखकाचा आणि अनुवादकाचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो, हेही बरेच जण विसरतात.

१९५० साली गेलेल्या लेखकांचे साहित्य २०११ पासून मोकळे आहे. कोल्हापुरात राहून लिहिणारे आणि १९७४ चे ज्ञानपीठ मिळवणारे कादंबरीकार १९७६ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांना २०३७ उजाडावे लागेल. त्यांची जुनी कादंबरी मूळ टिंबांसह वाचायची असेल तर तोवर एकच वाट आहे: वाचनालयात जाऊन १९६२ पूर्वीची प्रत आहे का, ते विचारायचे.