एक्सपांडेड की एक्स्टेंडेड?

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दिवसांत ज्यांनी कॉन्फिग.सिस ही सेटिंग्जची फाइल हाताने लिहिली, त्यांचा एक्सपांडेड आणि एक्स्टेंडेड मेमरी या दोन नावांनी कधी ना कधी घोळ केलाच असेल. मराठीत तर दोन्हींना ‘विस्तारित मेमरी’च म्हणावं लागेल!

दोन्हींमागची अडचण मात्र एकच होती. १९८१च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला मेमरीतल्या जागेच्या पत्त्यासाठी २० तारा, म्हणजे जेमतेम एक एमबीचे पत्ते. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन, रॉम वगैरेंसाठी राखीव. प्रोग्रॅमच्या वाट्याला उरले ६४० केबी, आणि मोठ्या स्प्रेडशीटला ते पुरेनात.

१९८५मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एक्सपांडेडचा तोडगा काढला. जादा मेमरी वेगळ्या कार्डावर. तिला स्वतःचा कायमचा पत्ताच नाही. राखीव भागात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची, तिच्यात १६ केबीची चार पानं मावतात. प्रोग्रॅम मागेल ते पान कार्ड खिडकीत आणून दाखवतं. पत्ता तोच, मागची मेमरी बदलते. काहीच कॉपी होत नाही, म्हणून काम झटपट. मात्र आत्ता खिडकीत कोणतं पान आहे, याचा हिशेब प्रोग्रॅमरने ठेवायचा.

एक्स्टेंडेडचं उलटं. २८६ या नंतरच्या प्रोसेसरला २४ तारा होत्या, म्हणजे १६ एमबीपर्यंत रीतसर पत्ते. पण डॉस चाले रिअल मोडमध्ये, आणि तिथे २८६सुद्धा ८०८८सारखाच वागे. वरची मेमरी गाठायला प्रोटेक्टेड मोडमध्ये जावं लागे, आणि २८६मध्ये तिथून परतायची सूचनाच नव्हती! आयबीएमच्या एटी संगणकात त्यासाठी चक्क कीबोर्ड कंट्रोलरकडून प्रोसेसर रिसेट करवून घेत. एवढा द्राविडी प्राणायाम क्वचितच पाहायला मिळतो. पुढे हायमेम.सिस ही ड्रायव्हर फाइल आली आणि वरच्या मेमरीची वाटणी, खाली-वर ने-आण तिने अंगावर घेतली.

३८६ प्रोसेसर आल्यावर खरी गंमत झाली. त्याच्या पेजिंगच्या, म्हणजे पत्त्यामागची मेमरी बदलण्याच्या सोयीच्या जोरावर ईएमएम३८६.एक्सई ही ड्रायव्हर फाइल साध्या एक्स्टेंडेड मेमरीलाच एक्सपांडेडचं सोंग देऊ लागली, कार्ड गेलं. मग चिप एकच, तिला कोणतं नाव द्यायचं ते प्रोग्रॅमच्या मागणीवर. १९९३चा डूम हा गेम एक्स्टेंडेडवर चाले, पण एक्सपांडेड मागणारा एखादा गेम ईएमएम३८६च्या ओळीत ‘नोईएमएस’ (म्हणजे एक्सपांडेड नको) लिहिलेल्या मशीनवर अडून बसे, भले रॅम कितीही असो. आणि कॉन्फिग.सिसमध्ये हायमेमची ओळ ईएमएम३८६च्या आधीच यावी लागे, कारण सोंग आणायला लागणारी मेमरी तिच्याकडूनच मिळायची.