चहा कोणाच्या हातचा?

ऑक्टोबर १८९०. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला आणि तो संपल्यावर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळी काही ऐरीगैरी नव्हती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गावातले बरेच शिकलेसवरलेले लोक होते. कोणी चहा प्यायला, कोणी नुसता कप ओठांना लावला, कोणी तेवढंही न करता तो बाजूला सारून ठेवला. गोष्ट तिथेच संपायची. पण डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं भांडण, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, कोणाला किती प्रायश्चित्त यावर शास्त्रार्थ झडले.

या सगळ्या गदारोळात वादाचा मुद्दा येशू नव्हता. मिशनमध्ये काय बोललं गेलं, ते ऐकणाऱ्यांना पटलं की नाही, याची कोणाला फारशी फिकीर नव्हती. प्रश्न एवढाच होता की घोट घेतला की नाही. आणि ज्यांनी चहा दिला त्या मिशनऱ्यांवर राग नव्हता, राग होता तो आपल्यातल्या पिणाऱ्यांवर.

धार्मिक माणसं वेगळ्या श्रद्धेच्या लोकांना नावं का ठेवतात, असा प्रश्न विचारला की बहुतेक जण एकच उत्तर देतात: प्रत्येकाला आपलाच देव खरा वाटतो म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण पंचहौदच्या चहाला ते लागू पडत नाही. आजच्या आकड्यांनाही पुरतं लागू पडत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३० हजार लोकांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या. गोमांस खाणारा माणूस हिंदू असू शकत नाही, असं ७२ टक्के हिंदूंनी सांगितलं. देवच न मानणारा माणूस हिंदू असू शकत नाही, असं मानणारे मात्र ४९ टक्के. मुसलमानांचे आकडे वेगळे असले तरी कल तोच: डुकराचं मांस खाणारा मुसलमान नव्हे म्हणणारे ७७ टक्के, अल्लाला न मानणारा मुसलमान नव्हे म्हणणारे ६०. म्हणजे ताटात काय आहे हे मनात काय आहे त्यापेक्षा जड भरतं. असं का व्हावं?

सुरुवात धर्मापासून लांब, इंग्लंडच्या ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांपासून करू. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते, जर्मनांच्या हाती सापडले आणि आपण पोलिश ज्यू असल्याचं लपवून फ्रेंच युद्धकैदी म्हणून जगले. परतले तेव्हा घरचं जवळचं कोणी उरलं नव्हतं. माणसं गटागटांनी एकमेकांवर का उठतात, हा प्रश्न पुढे त्यांनी आयुष्यभर उकरला. १९७०च्या सुमारास त्यांनी १४-१५ वर्षांच्या मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवले आणि किती होते ते विचारलं. मग सांगितलं, तुमच्यातले काही जास्त मोजणारे, काही कमी मोजणारे. खरं तर वाटणी वाटेल तशी केली होती. त्यानंतर प्रत्येकाने इतरांना थोडे पैसे वाटायचे. समोरच्याचं नाव नाही, चेहरा नाही, फक्त गट माहीत. स्वतःच्या पदरात एक पैसाही पडणार नाही. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून विलक्षण म्हणजे, दोन्ही गटांना जास्त मिळेल असा पर्याय समोर असताना पुष्कळ मुलांनी आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण 'त्यांच्या'पेक्षा जास्त हवं, असा पर्याय निवडला.

ठिपक्यांवरून एवढं होत असेल, तर बारशापासून तेराव्यापर्यंत सोबत असणाऱ्या धर्मावरून का होणार नाही? पण एवढ्यावर थांबलं तर धर्म म्हणजे फक्त मोठा ठिपका ठरतो. तसं नाही. धर्माचं एक काम ठिपक्यांना जमत नाही, ते म्हणजे अनोळखी माणसावर भरवसा टाकता येणं.

दोनशे वर्षांपूर्वीचा वाटसरू डोळ्यांपुढे आणा. परमुलखात संध्याकाळ झाली आहे आणि ओसरीवर उतरू देणारा त्याला ओळखत नाही. अशा वेळी वाटसरूच्या गळ्यातली तुळशीची माळ बरंच काही सांगून जाते: हा पंढरीचा वारकरी, मांस-मद्य सोडलेला, एकादशी पाळणारा. या खुणेची किंमत तिच्यामागच्या कष्टात आहे. नुसतं 'मी सज्जन आहे' म्हणायला काही लागत नाही, ते लबाडही म्हणतो. जन्मभर उपास काढणं आणि दरवर्षी पायी वारी करणं मात्र फुकट होत नाही. उत्क्रांतीचे अभ्यासक अशा खुणांना महागडे संकेत म्हणतात. रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या २०० वसाहती तपासल्या. एकत्र राहायचं, एकत्र राबायचं, अशा स्वप्नाने स्थापन झालेल्या या वसाहतींपैकी काही धार्मिक होत्या, काही निव्वळ ध्येयवादी. कोणतंही वर्ष घ्या, त्या वर्षात धार्मिक वसाहत टिकून राहण्याची शक्यता जवळजवळ चौपट होती. पुढे ८३ वसाहतींचा आणखी बारीक अभ्यास झाला. ज्या धार्मिक वसाहतींचे नियम जास्त जाचक, त्या जास्त टिकल्या. ध्येयवादी वसाहतींत जाचक नियमांनी असा काही फायदा झाला नाही.

देव पाहतो आहे, ही भावना काय करते तेही मोजलं गेलं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझील, मॉरिशस, फिजी, सायबेरिया अशा दूरदूरच्या आठ समाजांतले ५९१ लोक होते. प्रत्येकाला एकट्याला बसवून नाणी आणि दोन वाट्या दिल्या. एक वाटी स्वतःच्या गावच्या माणसासाठी किंवा स्वतःसाठी, दुसरी लांबच्या कोणा अनोळखी स्वधर्मीयासाठी. मनात एक वाटी धरायची, फासा टाकायचा आणि नियमाप्रमाणे नाणं या किंवा त्या वाटीत टाकायचं. मनात कोणती वाटी धरली होती हे कोणालाच कळणार नाही, त्यामुळे फसवायला रान मोकळं. आपला देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं मानणाऱ्यांनी लांबच्या माणसाच्या वाटीत अधिक प्रामाणिकपणे नाणी टाकली.

यातली मेख ध्यानात घ्या. लांबचा माणूस अनोळखी होता, पण स्वधर्मीय होता. श्रद्धेने भरवशाचं आवार गावकुसाबाहेर दूरवर वाढवलं. आता आवार म्हटलं की कुंपण आलंच. माळ पाहून ओसरीवर जागा देणारा माणूस, माळ नसलेल्याला दारातच दोन प्रश्न जास्त विचारतो. त्याच्या मनात द्वेष असेलच असं नाही. समोरच्याची जमानत घेणारं कोणी दिसत नाही, एवढंच.

म्हणूनच परधर्मीयापेक्षाही नास्तिकाबद्दल लोकांना जास्त धास्ती वाटते. परधर्मीय निदान कोणाला तरी भितो, हा कोणालाच भीत नाही! विल जर्व्हे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १३ देशांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांना एका काल्पनिक क्रूरकर्म्याची हकिगत वाचायला दिली. लहानपणी प्राण्यांचे हाल करणारा, मोठेपणी माणसं मारणारा. मग विचारलं, हा बहुधा कोण असेल: शिक्षक, की शिक्षक आणि शिवाय नास्तिक? निम्म्यांना 'नास्तिक'च्या जागी 'आस्तिक' असा पर्याय होता. गणिताने पाहिलं तर दुसरा पर्याय पहिल्यापेक्षा जास्त शक्य असूच शकत नाही, कारण नास्तिक शिक्षक हाही शिक्षकच. तरी माणसं फसतात, आणि कधी फसतात यावरून त्यांच्या मनातलं चित्र उघडं पडतं. 'नास्तिक' शब्द असताना फसणाऱ्यांचं प्रमाण 'आस्तिक'च्या जवळपास दुप्पट निघालं. आणि हा संशय खुद्द नास्तिकांच्या मनातही सापडला. देव सुटतो, पण देवाबद्दलचा हिशेब सुटत नाही असं दिसतं.

आता पुण्याकडे परत. मिशनऱ्यांऐवजी रानडे-टिळकांवर राग का? १९८८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना विद्यार्थ्यांच्या मतांत एक गंमत आढळली. परक्या गटातला वाईट माणूस लोकांना वाईट वाटतो, पण आपल्या गटातला वाईट माणूस त्याहून वाईट वाटतो. शास्त्रात याला 'काळी मेंढी' हे नाव पडलं आहे. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तेच नाव देणं मला जास्त आवडलं असतं. परक्याने चहा प्यायला तर आवाराला धक्का लागत नाही. आतल्याने, त्यातही मानाच्या माणसाने प्यायला, तर खुणेचीच किंमत उतरते. रानड्यांना चालतं तर मग माळेचा, सोवळ्याचा, उपासाचा खटाटोप कशाला?

पण हा झाला डोक्याचा हिशेब. ग्रामण्य करणारे बसून असा हिशेब मांडत नव्हते. त्यांना ते पोटातून जाणवत होतं, आणि इथे मराठी भाषा मानसशास्त्राच्या पुढे धावते. आपल्याकडे 'बाटणं' हा एकच शब्द आहे: सोवळं बाटतं, पाणी बाटतं आणि धर्म बदलणारा माणूसही बाटतो. विहिरीत पाव टाकला, ते पाणी नकळत प्यायले आणि गावच्या गाव बाटलं, अशा कथा वसई-गोव्याकडे आजही सांगतात. मत बदलायला पाणी पुरत नाही हे कळत असूनही ती कथा ऐकणाऱ्याला विचित्र वाटत नाही.

किळस मुळात कुजलेल्या अन्नापासून आणि रोगापासून वाचण्यासाठी आलेली. तिचा नियम साधा आहे: एका थेंबाने सगळं घागरभर नासतं. हाच नियम श्रद्धांनाही लागतो का? रायन रिटर आणि जेसी प्रेस्टन यांनी २०११ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांना एक पेय चाखायला दिलं, मग एक उतारा हाताने लिहून काढायला लावला आणि पुन्हा पेय दिलं. उतारा कुराणातला किंवा रिचर्ड डॉकिन्स या नास्तिक लेखकाचा असेल, तर दुसऱ्यांदा पेय जास्त किळसवाणं वाटलं. पेय तेच होतं. पुढच्या प्रयोगात लिहून झाल्यावर हात स्वच्छ करायला लावले, तर तो परिणाम नाहीसा झाला. मोजक्या विद्यार्थ्यांवरचे असे प्रयोग मी एरवी जरा सावधपणेच वाचतो. पण ज्यांनी घराच्या फडताळात वेगळा ठेवलेला कप पाहिला आहे, त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटू नये.

लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचं वर्णन केलं आहे. अशा घरात वाढलेल्या बाईचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधली काही वर्षं त्या पतीपासून दूर राहिल्या, आणि पुन्हा जवळ आल्यावरही त्यांचं अन्नपाणी सोवळ्यात होतं. ती हातची शिवाशिव आधी सुटली, धर्म नंतर बदलला. जिभेने परवानगी दिल्यावर डोक्याला वाट मिळाली, असा हा क्रम मला वाटतो.

मग देवाचं काय? तो या भांडणात कोणाच्या बाजूचा? २००९ मध्ये निकोलस एप्ली यांनी अमेरिकेतल्या श्रद्धाळूंना विविध सामाजिक प्रश्नांवर स्वतःचं मत, इतरांचं मत आणि देवाचं मत विचारलं. देवाचं मत स्वतःच्या मताशी सर्वांत जास्त जुळलं. युक्तिवाद करायला लावून त्यांचं मत थोडं हलवलं, तर देवाचंही हललं. मेंदूच्या चित्रणातही देवाच्या मताचा विचार करताना जे भाग उजळले, ते बहुतांशी स्वतःच्या मताचा विचार करतानाचेच होते. इथवर वाचून नास्तिक वाचकांना हसू फुटलं असेल, तर पुढचं ऐका. २०१६ मध्ये जेरेमी गिंजेस आणि सहकाऱ्यांनी १२ ते १८ वयाच्या ५५५ पॅलेस्टिनी मुस्लिम मुलांपुढे एक पेच ठेवला: एका पॅलेस्टिनी माणसाने जीव देऊन पाच मुलांना वाचवावं का? मुलं कधी पॅलेस्टिनी, कधी इस्रायली ज्यू. साहजिकच आपल्या मुलांना त्यांनी जास्त मोल दिलं. पण याच प्रश्नाला अल्ला काय म्हणेल, असं विचारल्यावर दोन्हींतलं अंतर जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलं. त्या मुलांचा देव त्यांच्यापेक्षा थोडा उदार निघाला.

म्हणजे धर्मातून ताठरपणाही येतो आणि त्यावरचा उताराही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच म्हणून ठेवलं आहे की धर्म पूर्वग्रह घडवतो आणि मोडतोही. नावं ठेवण्याचा मक्ताही धार्मिकांकडे नाही. मार्क ब्रँड्ट आणि डॅरिल व्हॅन टोंगेरेन यांना २०१७ मध्ये आढळलं की कट्टर श्रद्धाळू आणि अजिबात कट्टर नसलेले, दोघेही आपल्याहून वेगळ्या गटांकडे पूर्वग्रहानेच पाहतात. फक्त निशाणं वेगळी.

एकत्र राहून हे कमी होतं का? सलमा मूसा यांनी इराकमध्ये, इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांतून निसटलेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांपैकी काहींत मुस्लिम खेळाडू घातले. मोसम संपल्यावर मिश्र संघांतल्या ख्रिस्ती खेळाडूंचा वागण्यात फरक दिसला: पुन्हा मिश्र संघात खेळायला ते जास्त तयार होते, बक्षिसासाठी मुस्लिम खेळाडूंना मत देत होते. मैदानाबाहेर मात्र हा फरक फारसा पोचला नाही. मुस्लिमबहुल मोसूलमधल्या एका हॉटेलात जेवणाची कुपनं दिली, तर ती वापरायला हे खेळाडू इतरांपेक्षा जास्त गेले असं काही दिसलं नाही. चेंडू पास करता येतो, ताट अजून अडतं.

पंचहौदच्या चहाचं पुढे असं झालं: आपण काशीत प्रायश्चित्त घेतलं आहे, असं लोकमान्य टिळकांनी सांगितलं. रानड्यांना स्वतःला त्या चहात पाप दिसत नव्हतं, तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सनातन्यांचं समाधान झालं असेल-नसेल, पण आता चिडायची पाळी सुधारकांची होती. ज्याने चहा पिऊन आवार ओलांडलं, त्याने माघारी यावंच कसं, म्हणून आपल्याच माणसाला नावं ठेवण्यात तेही मागे राहिले नाहीत.