पोलिसांचं काम मोजायचं कुणी आणि कशावर? १८६१ पासूनची थोडी पार्श्वभूमी

जानेवारी आला की पुणे पोलीस मागच्या वर्षाचा हिशेब मांडतात. खून इतके, घरफोड्या इतक्या, त्यातल्या उघड किती, टक्केवारी किती, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'गुन्हे घटले' नाहीतर 'गुन्हे वाढले' यातलं एक हेडिंग. त्याच पेपरच्या आतल्या पानावर कधी कुणी अंमलदार निलंबित झाल्याची बातमी असते, कधी बंदोबस्तावर असतानाच कुणाला हार्ट अटॅक आल्याची. कामगिरी एका पानावर, वागणूक दुसऱ्या, तब्येत तिसऱ्या. ही तिन्ही एकाच माणसाची गोष्ट आहे हे सरकारी कागदात सव्वाशे वर्षांपासून लिहिलेलं आहे, तरी मोजताना मात्र तिन्हींच्या फाइली वेगळ्याच राहिल्यात. त्या वेगळ्या कशा राहिल्या ते बघायचं तर जरा मागे जावं लागतं.

१८५७ चं झाल्यावर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला, नमुना आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीचा, म्हणजे तिथल्या पोलीस दलाचा, म्हणजे लोकांची सेवा वगैरे नाही, सरळ राज्य ताब्यात ठेवायचं. त्यातलं २२ वं कलम म्हणतं की प्रत्येक पोलीस हा कायम ड्युटीवरच आहे असं समजायचं. आपल्याकडे मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे होते, स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, पण त्याच्याही २८ व्या कलमात हेच आहे, पोलीस सदैव कामावर. साहेब गेले, कलम राहिलं. बाकी बऱ्याच नोकऱ्यांत ठरलेल्या तासांच्या पुढे ओव्हरटाइम धरतात, इथे मुळात तास मोजायचेच नाहीत असं कायद्याने ठरवून टाकलं.

पुण्याचा इथे जुना संबंध आहे. १८९७ च्या प्लेगमधे गणेशखिंड रोडवर प्लेग कमिशनर रँडला मारलं त्यानंतर शहरावर दंड म्हणून जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांकडूनच वसूल करायचा असं झालं. असल्या पोलिसाकडे लोक मदत मागायला कशाला जातील. पाच वर्षांनी, १९०२ मधे व्हाइसरॉय कर्झनने अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला, आणि १९०३ च्या त्या अहवालात सरकारने नेमलेल्या माणसांनीच लिहिलंय की हे खातं कार्यक्षम नाही, ट्रेनिंग कच्चं, वर लक्ष ठेवणारं कुणी नाही, लोक यांना भ्रष्ट आणि जुलमी समजतात आणि लोकांचा विश्वास मिळवण्यात हे पूर्ण फसलेत. सोबत हेही की खालच्या शिपायाचा पगार वाढवा. म्हणजे वागणूक आणि पोट यांचा संबंध तेव्हाच कळला होता. पण सरकारने उचललं काय, तर गुप्त माहिती आणि तपासासाठी प्रत्येक प्रांतात सीआयडी, म्हणजे गुन्हे अन्वेषण विभाग. आपल्या राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि ती तिची सुरुवात १९०५ पासूनच धरते.

मधली बरीच वर्षं सोडून देतो. पुण्याला १९६५ मधे पोलीस आयुक्तालय मिळालं, १९७० मधे दिल्लीत पोलीस संशोधन आणि विकास ब्युरो निघाला, पण खालच्या अंमलदाराच्या दिवसात त्याने फार फरक पडला असं नाही.

खरा मुद्दा आला तो आणीबाणीनंतर. १९७७ मधे जनता सरकारने धरमवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला, १९७९ ते १९८१ मधे त्याचे आठ अहवाल आले, आणि पहिलाच अहवाल कुणावर होता तर शिपायावर. त्यात अभ्यासाचा दाखला देऊन सांगितलंय की खालचे पोलीस रोज दहा ते सोळा तास काम करतात, आठवड्याचे सातही दिवस. पुढे हेही म्हटलंय की पोलिसांचं काम नुसत्या गुन्ह्यांच्या आकड्यांवर मोजू नका, तसं मोजलं की ठाण्यात गुन्हे दाखल करायचंच टाळतात. पण अहवाल पूर्ण होईपर्यंत सरकार बदललं होतं, आणि मग ते आठ खंड कपाटात गेले.

हे आकड्यांचं प्रकरण कसं चालतं ते आजही कुठल्याही शहरात दिसतं. बसमधे गर्दीत खिशातून मोबाईल मारला, तुम्ही ठाण्यात गेलात, तर आधी विचारतात चोरी झाली हे तुम्ही पाहिलं का, पाहिलं नाही ना, मग 'गहाळ' लिहा, ऑनलाइन पण होतं, प्रिंट घ्या आणि डुप्लिकेट सिम काढा. तुमचं काम झालं, त्यांचंही झालं. आणि यात ठाणे अंमलदार, म्हणजे ठाण्यात तक्रार लिहून घेणारा पोलीस, बदमाशच असतो असं नाही, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमधल्या बोर्डावर दाखल किती, उघड किती असे कॉलम असतात आणि क्राइम मीटिंगला साहेब त्यावरच बोलतात. गहाळला बोर्डावर कॉलम नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मधे ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यायलाच हवा, तरी बोर्ड आहे तोवर कागदाला पळवाट सापडतेच.

आता तासांचं. विसर्जनाची पुण्यातली मिरवणूक अलीकडे अठ्ठावीस-तीस तास चालते हे सगळ्यांना माहितीये, आपण मधे घरी जाऊन झोपून परत येतो. अलका चौकात बॅरिकेडजवळ उभा असलेला शिपाई मात्र मंडईतून मानाचा पहिला गणपती निघायच्या आधीपासून बाहेर पडलेला असतो. पायातल्या बुटाची लेस सैल केलेली, कानात कापसाचे बोळे, हातात फूड पॅकेटमधला गार पुलाव, आणि समोरून दर दोन मिनिटाला कुणीतरी येऊन विचारणार की दादा, टिळक रोडला कसं जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी हाच माणूस एखाद्या पोराला जोरात ढकलतो, व्हिडिओ फिरतो, चौकशी लागते. लागायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण चौकशीच्या कागदात त्याने काय केलं ते येतं, तो किती तास उभा होता ते क्वचितच.

बरं, याबद्दल त्यांनी स्वतः बोलावं म्हटलं तर तीही सोय नाही. १९६६ चा कायदा आहे पोलिसांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा, परवानगीशिवाय संघटना नाही. महाराष्ट्रात एकदा संघटना होती, ऑगस्ट १९८२ मधे मुंबईत प्रकरण चिघळलं, शिपाई रस्त्यावर उतरले, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते तेव्हा. संघटना गेली, पुढारी बडतर्फ झाले, आणि तेव्हापासून आपल्याकडे हा विषय कुणी काढत नाही, केरळात मात्र पोलिसांची संघटना उघड चालते. आपल्याकडे मग नवऱ्याच्या ड्युटीबद्दल आणि पोलीस लाइनीतल्या गळक्या खोल्यांबद्दल बायकांनाच बोलावं लागतं.

नंतर कोर्टाने जोर लावला. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मधे याचिका केली, निकाल २२ सप्टेंबर २००६ ला, म्हणजे दहा वर्षं. सात निर्देश होते, त्यातले इथे कामाचे दोन. एक राज्य सुरक्षा आयोग, ज्याने पोलिसांच्या कामगिरीचं मूल्यमापन करून अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा. दुसरं पोलीस तक्रार प्राधिकरण, वागणुकीसाठी. महाराष्ट्राने कायदा बदलला तो २०१४ मधे, तोही असा की सुरक्षा आयोगाचे अध्यक्ष गृहमंत्रीच. ज्यांचं खातं त्यांनीच मार्क द्यायचे. तक्रार प्राधिकरण मुंबईत बसतं, निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात, पण ते शिफारस करतं आणि कारवाई सरकारच्या हातात. आणि त्या सातही निर्देशांत शिपायाच्या तासांबद्दल स्वतंत्र असं काही नव्हतंच, हे मला आजही खटकतं.

तास हलले ते खालूनच. मे २०१६ मधे मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, आयुक्त होते दत्ता पडसलगीकर, आणि ती योजना कागदावर मांडून आणली होती त्यांच्याच दलातल्या एका साध्या अंमलदाराने. मग मुंबईत इतर ठाण्यांत गेली, २०२१ पासून राज्यात टप्प्याटप्प्याने महिला पोलिसांना आठ तास लागू करायला घेतले. मधे कोविडमधे राज्यातले शेकडो पोलीस गेले, ते वेगळंच.

बाहेरच्या लोकांनीही मोजायला घेतलंय. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांनी २०१९ मधे एकवीस राज्यांतल्या जवळपास बारा हजार पोलिसांना विचारून अहवाल काढला, सरासरी ड्युटी निघाली चौदा तास, आणि दोघातल्या एकाला साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. १९७९ चे दहा ते सोळा आठवा. त्याच वर्षी इंडिया जस्टिस रिपोर्ट आला, पोलीस, तुरुंग, कोर्ट, विधी सेवा सगळं धरून मोठ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला, लगेच अभिनंदनाचे मेसेज फिरले. पण ती रँकिंग रिक्त पदं, बजेट, महिलांचं प्रमाण असल्या गोष्टींवर आहे, ठाण्यात गेल्यावर तुमच्याशी कसं बोलतात यावर नाही. योगायोग म्हणजे २०१९ च्याच डिसेंबरात देशभरातल्या पोलीस महासंचालकांची परिषद पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत भरली होती, आपल्याला लक्षात राहिला तो त्या दिवसांतला ट्रॅफिक.

मग मे २०२४, कल्याणीनगरमधला पोर्शे गाडीचा अपघात. अपघाताची माहिती वेळेत वर कळवली नाही म्हणून येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, आणि शहरात पहिल्यांदा लोक तपशिलात विचारायला लागले की रात्री ठाण्यात नेमकं कोण असतं, कुणी कुणाला फोन करायचा असतो, रक्ताचा नमुना किती वेळात घ्यायचा असतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे शहरात एकदम सात नवी ठाणी सुरू झाली, आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. हद्द लहान झाली हे बरंच झालं. पण नवं ठाणं म्हणजे तिथेही ठाणे अंमलदार, वायरलेस, मुद्देमाल, नाइट राउंड, सगळं पहिल्यापासून, आणि दोन शिफ्टच्या तीन करायच्या तर माणसं दीडपट लागतात. भरतीच्या ग्राउंडवर आज पळणारा पोरगा ट्रेनिंग संपवून ठाण्यात उभा राहीपर्यंत कित्येक महिने जातात, तोवर पहिला बंदोबस्त पालखीचा लागलेला असतो.