तापवलं की भोक आवळतं?

मे महिन्यातला शनिवार, बडोद्याचं बेचाळीस अंशांचं ऊन, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरासमोर बॉनेट उघडून उभी असलेली माझी वीस वर्षांची गाडी. तापमानाचा काटा आठ दिवस उगाचच वर चढत होता, म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, बदलायला घेतला. काम अर्ध्या तासाचं. इंजिन गार असताना पाणी काढायचं, दोन बोल्ट सोडवायचे, झाकण उचलायचं, जुना काढून नवा बसवायचा. पहिला बोल्ट बिनतक्रार आला. दुसऱ्याला दहाचा पाना लावून जोर दिला. आधी ढिम्म. मग पाना एकदम मऊ झाला, तुपातून फिरावा तसा. निघाला म्हणून मी खूश. आणि ‘टक्’. पान्यात बोल्टची मुंडी, बाकीचा बोल्ट इंजिनात. वर जेमतेम दोन मिलिमीटर खुंट.

शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, “शनिवारी लोखंडाला हात लावलास, दुसरं काय होणार?” पहिला बोल्टही शनिवारीच निघाला होता आणि तोही लोखंडाचाच होता, हे मी त्यांना सांगितलं. शनिमहाराज एका झाकणाच्या दोन बोल्टांत भेदभाव कशाला करतील? पण काकूंचं सोडा, मला लिहायला बसवलं ते भाच्यानं. मी गॅसचा टॉर्च काढला तर तो म्हणाला, “मामा, तापवू नकोस. तापवलं की धातू फुगतो, म्हणजे भोकाच्या आतही फुगणार. भोक आवळेल आणि बोल्ट आणखी जाम होईल.” हा मुलगा कलाभवनात इंजिनिअरिंग शिकतो. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये काढलेल्या त्या संस्थेचं आताचं नाव लांबलचक आहे, पण बडोद्यात सगळे कलाभवनच म्हणतात. मीही तिथलाच. त्यामुळे जरा जास्तच लागलं.

आधी बोल्ट तुटला का, ते थोडक्यात. बोल्ट म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. सहा मिलिमीटरच्या बोल्टचे आटे एका फेऱ्यात एक मिलिमीटर चढतात आणि त्या फेऱ्याची लांबी असते साधारण सतरा मिलिमीटर. सतरा पावलं चालावं तेव्हा एक पाऊल वर. पावागडच्या पायऱ्या याच्या कितीतरी उभ्या. चढ इतका मंद असल्यामुळेच मनगटाच्या जोराची प्रचंड ओढ होते. ८.८ प्रतीचा हा एवढासा बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटरनं (हे पिळाच्या जोराचं माप) आवळला की जवळजवळ ९०० किलो वजनाइतक्या जोरानं दाबून धरतो. छोटी गाडी त्याला टांगता येईल. आणि हे सगळं होतं त्या दहापैकी एका न्यूटन-मीटरच्या बळावर. साधारण निम्मा जोर मुंडीखालच्या घर्षणात जातो, चार न्यूटन-मीटर आट्यांच्या घर्षणात.

सोडवताना हेच घर्षण आडवं येतं, आणि आटे जाम असतील तर मुंडीला दिलेला सगळा पीळ मधल्या दांड्यावर पडतो. दांडा पिळून तोडायला लागणारा जोर व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. बारा मिलिमीटरचा बोल्ट सहाच्या दुप्पट जाड, पण पीळ सोसतो आठपट. सहाचा बिचारा तेरा-पंधरा न्यूटन-मीटरलाच मान टाकतो. पंधरा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर लावला की झालेच पंधरा. भाजीची भरलेली पिशवी उचलणारा हात तेवढं सहज करतो. तो मऊपणा वाटला ना, तिथेच बोल्ट ‘वाहायला’ लागलेला असतो. लवचिकपणा संपतो आणि धातू चिकणमातीसारखा पिळला जातो. पाना मऊ लागला की हात थांबवायचा. मी थांबलो नाही.

आटे जाम झाले होते ते गंजानं, पण लाल गंजानं नव्हे. झाकण आणि त्याखालचा इंजिनाचा भाग ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा, मध्ये झिरपलेलं रेडिएटरचं पाणी. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी म्हणजे नकळत तयार झालेली बॅटरीच. तीत झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. मुंडीखाली मला ती दिसली होती. खडूच्या चुऱ्यासारखी.

आता भोक. शाळेत एक प्रयोग असतो. पितळेचा गोळा आणि कडी. थंड गोळा कडीतून जातो, तापवलेला अडकतो. अठराव्या शतकातल्या ग्रावेसांडे या डच शास्त्रज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. दुर्दैवानं बहुतेक शाळांत गोळाच तापवतात, कडी कोणी तापवत नाही, आणि भोकाचा गैरसमज जन्मभर तसाच राहतो. अखंड पत्रा घ्या, त्यावर पेन्सिलीनं वर्तुळ काढा आणि पत्रा तापवा. सगळा पत्रा सारखाच फुगला, म्हणजे वर्तुळही मोठं झालं. याबद्दल वाद नाही. आता हेच वर्तुळ तापवण्याआधी कापून काढलं असतं तर? कापलेली चकती तापून मोठी होते, आणि ती त्याच भोकात पुन्हा नेमकी बसलीच पाहिजे, कारण न कापता ती तिथंच होती. म्हणजे भोकही तितकंच मोठं झालं. फोटो मोठा करून घेतला की चेहऱ्याबरोबर नाकपुड्याही मोठ्या होतात, तसंच हे.

आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार काय करी? लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवी, शेण्यांच्या जाळात लाल करी, लाकडी चाकावर ठोकून बसवी आणि लगेच पाणी ओती. सव्वा मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली तर व्यासात साडेसात मिलिमीटरनं वाढते. तेवढ्यात चाक आत जातं, आणि थंड होताना धाव आरे अशी करकचून आवळते की खिळ्याची गरज उरत नाही. धावेचं भोक तापल्यावर आवळत असतं तर देशात एकही बैलगाडी चालली नसती.

भाचा गप्प झाला, पण अर्धाच. म्हणाला, “मग बोल्टही तापणार की. दोन्ही फुगले तर फायदा काय?” हा प्रश्न खरा. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहालाखांश बारा भागांनी वाढतं, ॲल्युमिनियम तेवीस भागांनी, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण अकरानं. इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकमधला बोल्ट ब्लॉकसकट सारखा तापवला तर तो सैल होत नाहीच, उलट कणभर आवळतो. टॉर्च घेऊन ब्लॉक भाजत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ॲल्युमिनियममध्ये फायदा आहे. सहा मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी चौदा मायक्रॉन वाढतं, बोल्ट सात. मिळाली सात मायक्रॉनची फट, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. ठासलेल्या भुकटीपुढे सात मायक्रॉन ते काय?

तरीही गॅरेजवाले तापवतात आणि बोल्ट निघतात. का, ते मला कोपऱ्यावरच्या वेल्डरनं दाखवलं, सिद्धांताचा एक शब्दही न बोलता. गाडीची बॅटरी सुटी केली आहे का, ते त्यानं आधी तपासलं. पेट्रोलच्या नळीवर ओलं गोणपाट टाकलं. मी दिलेला चकचकीत नट त्यानं बाजूला ठेवला आणि डब्यातून साधा काळा नट काढला, कारण जस्ताचा मुलामा वेल्डिंगमध्ये जळला तर त्याचा धूर फुफ्फुसात जाऊन रात्री थंडीताप भरतो. नट खुंटावर ठेवला, नटाच्या पोटात दोन-तीन सेकंद वेल्डिंग भरलं. नट लाल, खुंट लाल. पोलादाचा रस ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे झाकणाला काही झालं नाही. मी पाना उचलला तर तो म्हणाला, “काका, उतावळ ना करो. पहेलां ठंडु थवा दो.”

त्या ‘थंड होऊ दे’मध्ये सगळं आहे. बोल्ट एकटाच तापला, भोवतालचा धातू तुलनेनं गार. बोल्टला फुगायचं आहे, पण भोवती भिंत. अडवलेल्या पोलादात दर अंशाला सव्वादोन-अडीच मेगापास्कल ताण चढतो. ढोबळ हिशेबानं २०० ते ३०० अंशांतच तो पोलादाच्या लवचिकपणाच्या मर्यादेला पोचतो, आणि तापलेलं पोलाद मऊही झालेलं असतं. मग बोल्ट वाहतो. आडवा फुगता येत नाही म्हणून उभा सरकतो, जिकडे मोकळीक असेल तिकडे. हे वाहणं कायमचं. थंड होताना मात्र तो नेहमीसारखा आक्रसतो, आणि आता आक्रसण्याची सुरुवातच दाबल्या गेलेल्या, बारीक झालेल्या आकारापासून होते. म्हणजे गार झालेला बोल्ट मूळच्यापेक्षा कणभर बारीक. लोहाराची धाव उलटी वाचायची: तिथे बाहेरचं तापतं आणि थंड होऊन आत आवळतं, इथे आतलं तापतं आणि थंड होऊन भिंतीपासून सुटतं. शिवाय या फुगण्या-आक्रसण्यात ठिसूळ भुकटीला तडे जातात, आणि बहुधा मोठं काम तेच करतं. तेलही गार होताना द्यावं. तडे गेलेल्या फटींत ते केशाकर्षणानं स्वतःच शिरतं.

ॲल्युमिनियमच्या भिंती बिडाइतक्या ताठ नसतात, त्या थोड्या मागे सरतात, म्हणून माझ्या बोल्टमध्ये हा परिणाम कमीच झाला असणार. पण एक गोष्ट आधीच माझ्या बाजूनं होती. मुंडी तुटली त्या क्षणी ती शेकडो किलोंची ओढ संपली होती. आत उरलेल्या तुकड्याला धरून ठेवायला भुकटीशिवाय काही नव्हतं.

पाच मिनिटांनी पाना लावला. पुढे-मागे, पुढे-मागे, थोडं तेल, पुन्हा पुढे-मागे. किरकिरत, पांढरा चुरा सांडत तो आला.

मोबाइलवर याआधी मी कोलाचा व्हिडिओ पाहिला होता: बोल्टवर कोला ओता, पाच मिनिटांत सुटतो. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, लोखंडाच्या उघड्या पृष्ठभागावरचा गंज ते हळूहळू खातंही. पण दाबून भरलेल्या आट्यांत ते शिरणार कसं? आणि शिरलंच तर ॲल्युमिनियमलाही सोडणार नाही. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे इझी-आउट. बोल्टच्या मधोमध भोक पाडून ही उलट्या आट्यांची निमुळती सळई त्यात फिरवायची. ती निमुळती असल्यामुळे आत शिरताना पाचरीसारखी बोल्टला बाहेर फुगवते, म्हणजे जाम बोल्ट आणखी जाम. तीही तुटली तर साधा ड्रिल तिला ओरखडाही काढत नाही, इतकी ती कडक. मग मकरपुऱ्याच्या टूलरूममध्ये स्पार्क इरोजनच्या, म्हणजे ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या मशीनवर सगळा भाग न्यायचा. ज्या बोल्टला पाना पुरला नाही, त्याच्याहून बारीक सळई पुरेल असं आपल्याला का वाटतं, कोण जाणे.

नवा बोल्ट बसवताना आट्यांना जाम न होणारी पेस्ट लावली आणि पाना थोडा कमीच आवळला. पेस्टनं घर्षण घटतं, तेव्हा पुस्तकातला आकडा तसाच ठेवला तर ओढ नको तितकी वाढते.

घरी येऊन निघालेला तुकडा मायक्रोमीटरनं मोजला. बारीक झालेला दिसतो का ते पाहायचं होतं. वेल्डिंगचा थेंब आणि भुकटीची पुटं यांत मायक्रॉनचा काही पत्ता लागेना. मग जुना थर्मोस्टॅट दोऱ्यानं दुधाच्या पातेल्यात टांगला. त्याच्या पोटात मेण असतं. ८२ अंशांच्या आसपास ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, तेही फुगण्यावरच चालतं. पाण्याला उकळी फुटली, झडप जागची हलली नाही. भाचा फोटो काढत होता. बायकोनं विचारलं, “हे पातेलं आता दुधाला वापरायचं की नाही?”